एक अक्षर, एक काना

वर्णमालेतील एक व्यंजन घ्यावे, त्याला एक काना द्यावा आणि पुरता शब्द उभा राहावा, असे भाग्य फार थोड्या अक्षरांच्या वाट्याला आले आहे. 'ना' हे त्यांपैकी एक. लहान मूल बोलायला लागते तेव्हा आई-बाबांच्या पाठोपाठ जे शब्द त्याच्या ओठांवर येतात, त्यांत हा असतोच. पेजेची वाटी पुढे केली की मान फिरवून ते 'ना' म्हणते, आणि अंगणात कावळा दिसला की तेच मूल आजीचा पदर ओढून 'चल ना' म्हणते. एकाच तोंडून, एकाच सकाळी, एकच शब्द दाराला कडी लावतो आणि तोच दार ठोठावतो.

वाचकहो, आपण दिवसातून किती वेळा हा शब्द वापरतो याची मोजदाद कोणी करीत नाही. 'त्याने ना म्हटले' यात स्वच्छ नकार आहे. 'ना घरचा ना घाटचा' यात तोच नकार दोनदा आहे. 'येतोस ना?' म्हटले की नकार नाहीसा होतो आणि समोरच्याने होकारच द्यावा अशी अपेक्षा त्या जागी येऊन बसते. 'ये ना' हे आर्जव. 'सांगितलं ना एकदा!' इथे आर्जव संपून दटावणी सुरू झालेली असते. 'ती ना, अगदी आजीवर गेली आहे' या वाक्यात तर 'ना'ला अर्थच नाही. बोलणाऱ्या बाईने तेवढ्यात श्वास घेतला आणि ऐकणारीने खुर्ची जवळ ओढली, एवढेच त्याचे काम. शिवाय फारसीतून आलेला 'ना' वेगळाच. नापसंत, नालायक, नाइलाज अशा शब्दांच्या अग्रभागी तो पहारेकऱ्यासारखा उभा असतो. आमच्या कार्यालयाच्या खणात दुसऱ्या धर्मग्रामात लग्न करू इच्छिणाऱ्यांसाठी जो 'ना हरकत दाखला' असतो, त्यातला 'ना' हाच. परवानगीचा कागद, आणि त्याची सुरुवात नकाराने! सरकारी मराठीचा हा चमत्कार आम्हांला अजूनही गमतीचा वाटतो.

नकाराला 'न' हे अक्षर लाभण्यामागे कारण आहे. संस्कृतमधील 'न', फारसीमधील 'न', लॅटिनमधील 'ने' आणि 'नोन', रशियनमधील 'न्ये', इंग्रजीतील 'नो' ही सारी एकाच घराण्यातील भावंडे आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पण भावंडांचेही स्वभाव वेगळे असतात. वेदांच्या जुन्या संस्कृतात हाच 'न' उपमेसाठीही येतो. तिथे त्याचा अर्थ 'नाही' असा नसून 'सारखा' असा होतो. आणि घराण्याबाहेर गेले तर नातेही उरत नाही. कोरियन माणूस 'ना' म्हणतो तेव्हा तो स्वतःविषयी बोलत असतो. त्याच्या भाषेत 'ना' म्हणजे 'मी'. स्वाहिली भाषेत 'ना' म्हणजे 'आणि' किंवा 'बरोबर'. त्या भाषेत 'माझ्याजवळ पुस्तक आहे' असे म्हणायचे तर 'मी पुस्तकाबरोबर आहे' अशी रचना करतात, म्हणजे तिथे सारी मालकी या 'ना'वरच उभी आहे. पूर्व आफ्रिकेत आयुष्य घालवून परतलेल्या एका गोवेकर वृद्ध गृहस्थांनी आम्हांला सांगितले होते की मिस्सामध्ये धर्मगुरू 'प्रभू तुम्हांबरोबर असो' या अर्थाची सदिच्छा देतो तेव्हा 'तुम्हांबरोबर' हा शब्द स्वाहिलीत 'नान्यी' असा होतो, आणि त्याची सुरुवात याच 'ना'ने होते. म्हातारपणी मराठी मिस्साला बसले असता त्यांच्या मनात तो 'ना' अजून वाजतो, असे ते म्हणाले.

जवळचा शेजारी म्हणून बंगालीकडे पाहावे. बंगालीत नकाराचा 'ना' क्रियापदाच्या मागे येतो. 'एशो ना' म्हणजे 'येऊ नकोस'. पण सूर थोडा लांबवून, मायेने 'एशो ना' म्हटले की त्याचाच अर्थ 'ये ना!' असा होतो. अक्षरे तीच, क्रम तोच. येणाऱ्याने उंबरठ्यावर थांबावे की आत पाऊल टाकावे, हे ठरवण्यासाठी त्याच्याजवळ स्वतःच्या कानाखेरीज दुसरे साधन नाही. मराठीने निषेधासाठी 'नको' हा वेगळा शब्द घडवून आपली ही पंचाईत दूर केली आहे. कोकणीत मात्र या 'नको'चे 'नाका' होते, आणि गोव्यातून नव्याने आलेल्या पाहुण्याने जेवताना 'नाका, नाका' म्हटल्यावर आमच्या स्वयंपाकीण मावशी आपल्या नाकाला काही लागले आहे की काय म्हणून पदराने नाक पुसू लागल्या होत्या.

पोर्तुगीजांची गोष्ट आणखी निराळी. इ. स. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसईवर त्यांचा अंमल होता. त्यांच्या भाषेत 'ना' म्हणजे 'मध्ये', तेही पुढचा शब्द स्त्रीलिंगी असेल तर. 'चर्चमध्ये' असे म्हणायचे झाले की ते 'ना इग्रेझा' म्हणत. नकारासाठी त्यांचा शब्द नाकातून उच्चारायचा, वेगळाच. त्या काळी कुणी पाद्री 'ना इग्रेझा' असे म्हणाला असेल आणि आमच्या एखाद्या पूर्वजाने 'चर्च नाही' असे समजून शेताची वाट धरली असेल, तर त्याला दोष कसा द्यावा?

याच वसईत संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. हा मुलगा पुढे जपानला गेला, तिथली भाषा त्याने आत्मसात केली आणि फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाल्यावर १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर तो दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. आपण त्याच्याकडे हुतात्मा म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु तो दुभाषी होता ही गोष्ट आम्हांला त्याच्या अधिक जवळ नेते. जपानी भाषेत क्रियापदाच्या शेवटी 'ना' जोडला की कडक मनाई होते. 'इकु' म्हणजे जाणे, 'इकु ना' म्हणजे 'जाऊ नकोस'. आणि त्याच भाषेत, वाक्याच्या शेवटी, आपल्या 'छान आहे ना!' सारखा मनमोकळा 'ना'ही येतो. आईच्या बोलीतला 'ना', वडिलांच्या भाषेतला 'ना' आणि सम्राटाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या हिदेयोशीच्या दरबारातील भाषेतला 'ना', हे तिन्ही ज्याच्या कानांत होते त्या माणसाला दोन बाजूंच्या मधोमध उभे राहून बोलावे लागत होते. दुभाष्याने ऐकण्यात गल्लत केली तर मनाईची विनंती होते आणि विनंतीची मनाई, आणि त्या दिवसांत अशा गल्लतीची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जात असे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. नव्या कराराच्या ग्रीक भाषेने मराठी विद्यार्थ्याची चांगलीच थट्टा केली आहे. ज्या घराण्यात सर्वत्र नकाराला 'न' आहे, त्याच घराण्यातील ग्रीक भाषा नकारासाठी 'ऊ' म्हणते आणि होकारासाठी 'नाइ'. आजच्या ग्रीसमध्ये त्याचा उच्चार 'ने' असा होतो. सेमिनरीत पहिल्या वर्षी ग्रीक पाठ वाचताना आमचे मन प्रत्येक 'नाइ'पाशी अडखळत असे. मत्तयच्या शुभवर्तमानात कनानी स्त्री आपल्या आजारी मुलीसाठी येशूकडे येते. येशूचे उत्तर कठोर आहे. मुलांची भाकर कुत्र्यांपुढे टाकू नये अशा अर्थाचे. त्यावर ती बाई ज्या शब्दाने बोलायला सुरुवात करते तो शब्द आहे 'नाइ'. मराठी कानाला वाटते, ती 'नाही' म्हणाली, प्रभूशी भांडली. ती म्हणते 'होय'. ती नकार मान्य करते आणि त्या नकाराच्या टेबलाखालूनच आपल्या लेकीसाठी चतकोर उचलते. पुढे संत पौल करिंथकरांना दुसरे पत्र लिहितात तेव्हाही वाद याच शब्दाचा आहे. पौलाने प्रवासाचा बेत बदलला म्हणून लोक त्याला चंचल म्हणू लागले होते. आज होय, उद्या नाही. पौल उत्तर देतो की आपण ज्या ख्रिस्ताची घोषणा केली तो असा होय-नाहीचा खेळ नव्हे. त्याच्या ठायी केवळ 'नाइ' आहे. केवळ होकार.

परंतु आम्हांला खरे वेड लावले ते हिब्रू भाषेतल्या 'ना'ने. हिब्रू शिकवणारे आमचे गुरुजी म्हणत, "या शब्दाचे भाषांतर करू नका, करायला गेलात तर फसाल. इंग्रजीवाले त्यासाठी वेगवेगळे शब्द योजतात आणि कधी कधी तो गाळूनच टाकतात." आज्ञार्थी क्रियापदाला हा 'ना' जोडला की आज्ञेची विनंती होते. गुरुजी फळ्यावर उदाहरणे लिहीत होते आणि शेजारी बसलेला आमचा वसईकर मित्र हळूच म्हणाला, "अरे, हे तर आपलं 'ये ना', 'दे ना'!" दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक सेमिटिक, दुसरी आर्य. केवळ योगायोग. पण त्या योगायोगाने आमच्यापुढे शास्त्राची अनेक पाने उघडली.

मोशेची बहीण मिर्याम महारोगाने पांढरी पडली तेव्हा मोशेने देवाकडे केलेली प्रार्थना गणनेच्या बाराव्या अध्यायात आहे. मूळ हिब्रूत ती अवघ्या पाच शब्दांची आहे, आणि त्या पाचांतले दोन शब्द 'ना' आहेत. रुग्णालयाच्या दारात बसलेल्या माणसाला लांब प्रार्थना सुचत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून आमच्या आयाबहिणी जे पुटपुटतात, "बरं कर ना रे देवा, बरं कर ना," ते शब्द आणि मोशेचे शब्द यांत फारसे अंतर नाही.

'होसान्ना' हा शब्दही असाच. झावळ्यांच्या रविवारी आपण तो जयघोष म्हणून गातो. मुले झावळ्या हलवतात, बँडवाले वाजवतात. मूळ शब्द दोन आहेत: 'होशीआ' आणि 'ना'. एकशे अठराव्या स्तोत्रातून तो आला. 'होशीआ' म्हणजे तार, वाचव. 'होशीआ ना' म्हणजे 'तार ना!' ज्याचे नाव 'येशू', त्याच्या नावातही तारण्याचाच हाच धातू आहे. म्हणजे यरुशलेमच्या वाटेवर लोक तारणाऱ्याला त्याच्याच नावातील क्रियापदाने 'तार ना' म्हणत होते; मात्र तोवर त्या विनवणीचा जयजयकार झालेला होता. लूकने तर हा शब्द गाळलाच आहे. ग्रीक वाचकांना तो कळणार नाही असे त्याला वाटले असावे. संत ऑगस्टीन यांनी जे शब्द परभाषेत नेता येत नाहीत त्यांत 'होसान्ना'ची गणना केली. त्यांना मराठी येत असती तर त्यांनी आपले मत बदलले असते, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो.

(हिब्रूत आणखी एक 'ना' आहे, त्याचा अर्थ 'कच्चे'. ओलांडण सणाचे कोकरू 'ना' खाऊ नये, भाजून खावे, असे निर्गमात सांगितले आहे. तिथे 'ये ना' वाला मित्रही निरुत्तर झाला.)

पण ज्या ठिकाणी आम्ही आजही थांबतो ते उत्पत्तीच्या बावीसाव्या अध्यायात आहे. देव अब्राहामाला इसहाकाला घेऊन जाण्यास सांगतो. आपण प्रवचनात म्हणतो, देवाने आज्ञा केली. मूळ पाठात देवाच्या तोंडी 'घे' या क्रियापदाला 'ना' जोडलेला आहे. "घे ना." यहुदी रब्बींनी प्राचीन काळीच या अक्षरावर बोट ठेवले आणि सांगितले की 'ना' ही विनंतीचीच भाषा होय. काही व्याकरणकार त्याला एवढे वजन देत नाहीत, तो केवळ बोलण्याचा ढंग मानतात. आम्ही रब्बींच्या बाजूचे आहोत. आज्ञा मोडली तर तो गुन्हा ठरतो. विनंतीला मात्र नकाराची वाट मोकळी असते. ज्याला आज्ञा करण्याचा संपूर्ण अधिकार आहे तो इथे म्हाताऱ्या बापापुढे विनंतीच्या शब्दात बोलतो, याचा अर्थ त्याला अब्राहामाचा होकार हवा आहे आणि तो होकार अब्राहामाचा स्वतःचा असायला हवा आहे.

हे सारे अभ्यासिकेतले वाटेल. आमच्या रोजच्या कामात मात्र त्याची गाठ पडते ती विवाहपूर्व चौकशीच्या वेळी. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील १०५७ वे कलम सांगते की वधूवरांच्या संमतीने विवाह घडतो, आणि जगातील कोणतीही मानवी सत्ता ती संमती त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. १०३ किंवा हजार पाहुणे जमले, बिशप स्वतः वेदीवर उभे राहिले, तरी नाही. दडपणाने किंवा मोठ्या भीतीने दिलेला होकार हा होकार नव्हे, असे ११०३ वे कलम सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव आम्ही सांगणार नाही, आणि जिची ही गोष्ट तिला विचारूनच ती लिहीत आहोत. मुलगी आई आणि मावशीसह कार्यालयात आली. मुलगा जहाजावर नोकरीला, रजा थोडी. हॉल ठरलेला, पत्रिका छापखान्यात. आम्ही नोंदीचे पुस्तक उघडण्यापूर्वीच मावशी म्हणाल्या, "फादर, तिला सगळं पसंत आहे. काय गं, पसंत आहे ना?"

"हो ना," मुलगी म्हणाली.

कागदावर हे दोन शब्द पाहिले तर होकार दुप्पट झालेला दिसतो. पण मावशींच्या प्रश्नातला 'ना' उत्तर सोबत घेऊनच आला होता. मुलीने ते उत्तर फक्त परत केले. आणि तिचा स्वतःचा 'ना'? तो बंगाली उंबरठ्यावरचा होता. आनंदाचा 'हो ना' आणि थकव्याचा 'हो ना' लिहिताना सारखेच लिहावे लागतात. हल्ली मोबाइलवरच्या निरोपांत तर माणसे अशाच निर्जीव 'हो ना'वर आयुष्याचे निर्णय घेतात.

नियमाप्रमाणे आम्ही आई आणि मावशींना बाहेर बसवले. मग तिला विचारले, "तुला हे लग्न करायचे आहे का?" 'ना' नव्हे, 'का'. 'का'ला उत्तराची घाई नसते. ती टेबलावरच्या नोंदवहीकडे बराच वेळ पाहत राहिली. वर पंखा फिरत होता. मग म्हणाली, "फादर, आता ना म्हटलं तर चालतं का?"

"चालतं ना," आम्ही म्हणालो.

त्यानंतर जे झाले ते सोपे नव्हते. हॉलचे आगाऊ पैसे बुडाले. मुलाचा कसलाच दोष नव्हता, तरी चारचौघांत त्याला खाली पाहावे लागले. त्याच्या आईचे रडणे आम्ही व्हरांड्यात उभे राहून ऐकले. मुलीचे वडील रात्री आले. ते बसले नाहीत. "ती तुमच्यासमोर हो म्हणाली होती ना, फादर?" एवढेच त्यांनी विचारले. बंद खोलीत ती काय बोलली ते सांगण्याचा अधिकार तिचा आहे, आमचा नाही, असे आम्ही म्हणालो. तिलाच विचारा, आणि शेवटी 'का' लावून विचारा, असेही म्हणालो. हे शेवटचे वाक्य त्यांना झोंबले असावे. पुढचे दोन पावसाळे ते आमच्याशी बोलले नाहीत. रविवारी मिस्साला येत, खांबाआड बसत आणि ख्रिस्तशरीर घेताना 'आमेन' एवढाच शब्द आमच्या वाट्याला येई. आम्ही तोच पुरेसा मानला.

आमच्या कार्यालयाबाहेर आता नातेवाइकांसाठी दोन बाकडी आहेत आणि दाराला जाड पडदा आहे. चौकशीचे प्रश्न 'का'ने संपतात. उत्तर 'हो ना' असे आले की आम्ही पेन खाली ठेवतो, पाण्याचा पेला पुढे करतो आणि पुन्हा विचारतो. दहांतून नऊ वेळा मुलगी हसते, "हो, फादर, हो! किती वेळा सांगू?" असे म्हणते, आणि मग आम्ही रकाना भरून बाहेरच्या मावशीला आत बोलावतो.